भुसा आधी घेतो, मग देतो



आजचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून दोघा-तिघांनी आत येता येता आम्हाला विचारले, “सर, तत्त्वज्ञान सोडून लाकडाच्या वखारीत कधी शिरलात?” प्रश्न रास्त आहे. आयुष्यभर आम्ही वर्गात कांट आणि शंकराचार्य शिकवले. ज्याला ते समजत नसत अशा विद्यार्थ्याला आमचे एक सहकारी म्हणत, “तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय का रे?” मराठीत भुशाची प्रतिष्ठा एवढीच. ज्यात सत्त्व नाही आणि जे नुसते जागा अडवते, ते म्हणजे भुसा. आज आम्हाला त्या भुशाची बाजू मांडायची आहे. आणि ती मांडताना त्याने एकदा आमच्या घराचे जे नुकसान केले, तेही लपवायचे नाही.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडे भुसा अनेक प्रकारचा. गव्हाचा, तुरीचा भुसा जनावरे खातात. साखर कारखान्यात उसाच्या चोयट्यालाही भुसा म्हणतात आणि तो तिथल्या तिथे बॉयलरमध्ये जळतो. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, तेव्हापासून या जिल्ह्याने उसाच्या भुशाचे डोंगर पाहिले. पण त्याला घरातच काम मिळाले, म्हणून तो कधी फारसा निरुपयोगी ठरला नाही. आम्ही बोलणार आहोत तो लाकडाचा भुसा, करवतीखाली पडणारा. त्याला जनावर खात नाही, आणि तो ताजा ताजा शेतात टाकला तर पीक पिवळे पडते. मग त्याचे करायचे काय, हा प्रश्न कधी निर्माण झाला आणि त्याची उत्तरे कोणी कोणी दिली, हा आजचा इतिहास.

सुरुवात आपल्या भुईकोट किल्ल्यापासून करू. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला अटक झाली आणि पंडित नेहरूंना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथे १९४४ साली लिहिले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्या ग्रंथाच्या सुरुवातीला नेहरू बागकामाची हकिकत सांगतात, ती फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. ते उन्हातान्हात तासन्‌तास फुलांचे वाफे खणत होते. माती अगदी निकृष्ट होती. दगडगोटे, जुन्या बांधकामांचा राडारोडा, आणि खोल गेले की जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागत. नेहरूंना तिथे इतिहास सापडला. आम्हाला, या जिल्ह्यातल्या माणसांना, त्या वर्णनात आपले रान दिसते. अकोल्याचा डोंगराळ पट्टा आणि प्रवरा-गोदेकाठची काळी जमीन सोडली, तर नगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड इथल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या वाट्याला हलके, मुरमाड रान. पाणी धरत नाही, आणि सेंद्रिय पदार्थ उन्हाने भराभर जळून जातो. अशा मातीला कुजलेले काहीही हवे असते. आणि आमच्या गावागावांतून, शहरातल्या वखारींतून, कुजू शकणारी एक गोष्ट पोत्यांनी बाहेर फेकली जात होती.

मात्र ती पूर्वीपासून फेकली जात नव्हती.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गाव-गाडा’ हे पुस्तक १९१५ साली निघाले. जुन्या गावाची बलुतेदारी समजून घ्यायची तर आजही त्याला पर्याय नाही. त्या व्यवस्थेत सुतार हा पहिल्या ओळीतला बलुतेदार. त्याच्याशिवाय औत नाही, पाभर नाही, गाडी नाही. पण त्याची मुख्य हत्यारे कोणती? वाकस, पटाशी, किंकरे, रंधा. करवत होतीच, पण बाभळीचा नांगर घडायचा तो वाकसाने. वाकसाखाली भुसा पडत नाही, ढलप्या पडतात. सुताराच्या अंगणात ढलप्या पडायचा अवकाश, शेजारच्या चुली त्यांची वाट पाहत असायच्या. थोडाफार भुसा निघे, तो सुताराच्याच उकिरड्यावर जाई. तिथे शेण, राख, घरचा केर आणि जनावरांनी खाऊन टाकलेली चगळ अगोदरच असे. वर्षातून एकदा उकिरडा उपसून रानात नेला की त्यातला भुसा ओळखू येत नसे. थोडक्यात, त्या गावात भुसा होता, पण भुशाचा प्रश्न नव्हता.

याचा अर्थ जुन्या गावात सगळे आलबेल होते असा कृपया घेऊ नका. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मातीचे काय झाले आहे ते लिहून ठेवले आहे. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांची विष्ठा, मेलेल्या किड्यांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून शेतात येई. जंगलखात्याने राने बंद केली आणि जनावरेही कमी झाली, म्हणून हे खत आटले, अशी त्यांची तक्रार होती. उपाय म्हणून त्यांनी ताली-बंधारे सुचवले, म्हणजे पाण्याबरोबर सत्त्व वाहून जायचे थांबेल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला फुल्यांचे नाव मिळाले ते या दृष्टीने फार उचित आहे. मातीचा प्रश्न हा खताच्या गोणीचा नसून कोणाला जंगलात जाऊ देता आणि कोणाला नाही याचा आहे, हे त्यांनी रसायनशास्त्राच्या आधाराशिवाय पाहिले होते.

आता एक साल लक्षात ठेवा: १८७८. त्या वर्षी दौंड–मनमाड रेल्वे सुरू झाली आणि नगर आगगाडीच्या नकाशावर आले. आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने नवा वन कायदा केला. दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध जोडायचा नाही, पण परिणाम एकाच दिशेने झाला. जवळच्या रानातले लाकूड सामान्य माणसाला दुर्मीळ झाले, आणि लांबच्या रानातले लाकूड वाघिणीत भरून येऊ लागले. लाकूड गावाबाहेरून, पैसे मोजून, ओंडक्याच्या रूपात येऊ लागले की ते साठवायला वखार लागते, आणि वखार आली की तिच्यामागे मोठी करवत येते. पुढे वीज आली आणि करवतीची चकती फिरू लागली.

इथे थोडे गणित. यंत्राच्या करवतीचा काप साधारण चार मिलिमीटर जाड असतो असे धरा. ओंडक्यातून एक इंची, म्हणजे पंचवीस मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या. प्रत्येक फळीमागे चार मिलिमीटर लाकडाचा चुरा होतो. म्हणजे एकोणतीसमधले चार, जवळजवळ सातवा हिस्सा. सात फळ्यांच्या लाकडातली एक फळी भुसा होऊन खाली पडते! सुताराच्या अंगणात मूठभर असणारी वस्तू वखारीच्या मागे ढिगाने साचली. भुसा टाकाऊ झाला तो इथे. तो जिथे निर्माण होत होता त्या वखारीत ना गाय होती, ना उकिरडा, ना रान.

जगात इतरत्रही हेच झाले होते. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या लाकूड गिरण्यांना भुशाची अडगळ झाली होती. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तो उचलला आणि तळ्यांतून कापलेला बर्फ त्यात बांधून जहाजाने उष्ण देशांना विकायला काढला. १८३३ साली त्याचे जहाज चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला पोहोचले. सुमारे १८० टन बर्फ निघाला होता, त्यातला १०० टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढे हा बर्फ मुंबईलाही येऊ लागला. थोरोच्या ‘वॉल्डन’मध्ये या बर्फाचा उल्लेख आहे. त्याच्या तळ्याचे पाणी असे मद्रास-मुंबई-कलकत्त्याच्या लोकांच्या पेल्यात जाते आणि तो स्वतः सकाळी गीता वाचतो, या देवाणघेवाणीची त्याला मोठी गंमत वाटली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही ती गंमत सांगत असू, पण मधल्या भुशाकडे आमचेही लक्ष गेले नव्हते. भुशाच्या कणांत हवा अडकून राहते, ती उष्णता आत जाऊ देत नाही, एवढेच त्यातले रहस्य. नगरमध्ये आमच्या लहानपणी बर्फाचा गोळा विकणारा गोणपाट बाजूला सारून भुशात पुरलेली लादी बाहेर काढी आणि पाण्याने धुई, ती याच विद्येची शेवटची पायरी होती.

घरात मात्र भुसा आला तो शेगडीच्या रूपाने. इथे बसलेल्या साठीच्या पुढच्या लोकांना ती आठवत असेल. पत्र्याचा डबा, खाली एका बाजूला भोक. डब्याच्या मधोमध एक बाटली उभी ठेवायची, खालच्या भोकातून एक दांडके तिच्या बुडापर्यंत सरकवायचे, आणि भोवती कोरडा भुसा मुठीने, मग मुसळाच्या टोकाने ठासत जायचा. हे ठासणे मुलांचे काम. सैल राहिला तर भुसा मधेच ढासळतो आणि सगळा स्वयंपाक अडतो, म्हणून आई वरून बोटाने दाबून पाहायची. मग बाटली हलकेच फिरवत वर काढायची, दांडके बाहेर ओढायचे. मध्ये जे धुराडे तयार होते त्याच्या तळाशी रॉकेलचा बोळा पेटवायचा. एकदा धग धरली की तीन-चार तास बघायला नको. डाळ शिजते, भाकरी होतात, शेवटी आंघोळीचे पाणी तापते.

आमचे वडील शाळेत शिक्षक होते. आम्ही पाच भावंडे, भाड्याच्या दोन खोल्या. दर रविवारी आम्ही दोघे भाऊ गोणपाट घेऊन वखारीत जायचो. नाण्याला पोते, असा हिशेब. पोते दाबून भरू दिले तर मालक चांगला, असे आमचे नीतिशास्त्र होते. पावसाळ्यात भुसा ओला निघाला की घरभर धूर होई आणि आई पदराने डोळे पुसत बसे. गोष्ट सांगताना शेगडीची ऊब आठवते, पण तो धूर तिच्या छातीत गेला, हेही त्याच इतिहासात लिहिले पाहिजे. पुढे तिला दम लागायचा त्याचे एकमेव कारण ती शेगडी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण ती निर्दोष होती असेही म्हणवत नाही.

ऐंशीच्या दशकात आमच्या घरी गॅस आला. तसाच तो हजारो घरांत आला. आई म्हणाली, “सुटले बाई.” शेगडी माळ्यावर गेली, मग भंगारात. आणि वखारीमागचा ढीग पुन्हा वाढला. ज्याला घराघरात गिऱ्हाईक होते त्याला कोणी फुकट नेईना. वखारवाले म्हणू लागले, ट्रॉली आणा आणि घेऊन जा.

आम्ही ट्रॉली आणली.

वडील तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. श्रीगोंदा तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन, हलकी. अण्णांनी फंडाच्या पैशातून साठ कागदी लिंबांची रोपे लावली होती. त्या भागात लिंबू चांगले येते. झाडे तीन-चार वर्षांची झाली होती. आम्ही नुकतेच प्राध्यापक झालो होतो आणि छापील गोष्टीवर आमचा फार विश्वास होता. कुठेतरी वाचले होते की भुशाने ओल टिकते. उन्हाळ्यात आम्ही तीन ट्रॉल्या भुसा नेऊन साठही आळ्यांत टाकला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कुदळीने मातीत चांगला मिसळला. हा मिसळण्याचा शहाणपणा आमचाच होता.

पाऊस झाला, ओल टिकली, आणि भाद्रपदात झाडे पिवळी पडू लागली. आधी जुनी पाने, मग सगळेच झाड फिके. फुटवा थांबला. अण्णा बांधावर उभे राहून म्हणाले, “भुशानं रान खाल्लं.” आम्हाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते आणि आई टोपल्या घेऊन आळ्यांतला भुसा मातीसकट उकरून बांधावर टाकू लागले. मुळ्या तुटत होत्या तरी थांबले नाहीत. चाळीस आळी झाली तेव्हा अण्णांची पाठ धरली. वीस तशीच राहिली. शेजारचे तात्या, स्वतः फार न शिकलेले, येऊन म्हणाले, “मास्तर, आता राहू द्या. त्याला शेणकाला पाजा.” राहिलेल्या विसांना शेणकाला आणि थोडा युरिया दिला तो तात्यांच्या सांगण्यावरून.

त्यानंतर तीन वर्षांनी अण्णा गेले. चाळीसांपैकी निम्मी झाडे पुन्हा उभी राहिली नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्या न उकरलेल्या विसांपैकी एका आळ्यात खुरपे घातले. माती काळपट, भुसभुशीत, हाताला गार लागत होती. भुशाचा दाणा दिसत नव्हता. गांडुळे होती. शेजारच्या झाडांना पाणी द्यावे लागे त्याच्या दोन-तीन दिवस नंतर या विसांना तहान लागत होती. हा एका वावरातला अनुभव आहे, याला प्रयोग म्हणू नये. पण अण्णांनी हे पाहिले असते तर, हा विचार आजही मनातून जात नाही. त्यांच्या लेखी भुसा विषच राहिला, आणि तो आणणारे आम्ही होतो.

असे का झाले? याचे उत्तर शोधत आम्हाला इंदूरला जावे लागले. तसे पाहिले तर हे अंतर फार नाही. आपल्या जिल्ह्याला अलीकडे ज्यांचे नाव मिळाले त्या अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, आणि त्या ज्या घराण्यात गेल्या त्या होळकरांची राजधानी पुढे इंदूर झाली. त्याच होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९२४ साली एक कृषिसंशोधन संस्था सुरू झाली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनाची बाजू सांभाळणारे त्यांचे सहकारी यशवंत वाड. दोघांनी मिळून १९३१ मध्ये शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून खत करण्यावर पुस्तक लिहिले. जगभर हॉवर्डचे नाव झाले, वाडांचे आपल्यालाही ठाऊक नाही.

त्यांच्यापुढचा प्रश्न आमच्यासारखाच होता, फक्त भुशाच्या जागी कपाशीच्या आणि तुरीच्या पऱ्हाट्या होत्या. कडक, काष्ठमय, लवकर न कुजणाऱ्या. त्यांनी काय केले? पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरल्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या. मग तो चुरा बैलांखाली अंथरला, म्हणजे मूत्र त्यात मुरेल. मग शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती, थोडी राख, यांचे थर देऊन खड्डा भरला, ओला ठेवला, आणि तीन वेळा उलटापालटा केला. तीन महिन्यांत खत. यातली एकेक कृती जुनीच होती. चीनमधले शेतकरी असे खत करत हे किंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९११ च्या पुस्तकातून हॉवर्डनी वाचले होते. नवे होते ते कारण सांगणे.

ते कारण असे. कुजवण्याचे काम जिवाणू आणि बुरशी करतात. त्यांना इंधन म्हणून कर्ब लागतो आणि शरीर बांधायला नत्र लागते. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असेल तर काम झपाट्याने चालते. शेणात हे प्रमाण वीस-पंचविसाला एक असते. लाकडाच्या भुशात ते चारशेला एकच्या घरात जाते. म्हणजे शंभर किलो कोरड्या भुशात पन्नास किलो कर्ब, आणि नत्र शंभर-सव्वाशे ग्रॅम! जिवाणूंना लागणार दीड किलोच्या वर. ही तूट ते कुठून भरून काढणार? मातीतून. मातीतले नत्र ते स्वतःच्या अंगात घेतात आणि तेवढा काळ झाड उपाशी राहते. पुढे भुसा संपतो, जिवाणू मरतात, आणि घेतलेले नत्र हळूहळू मातीला परत मिळते. आमच्या आळ्यात हेच झाले. भुशाने आधी घेतले, मग दिले. अण्णांनी घेणे पाहिले. देणे पाहायला ते उरले नाहीत.

एवढी एक गोष्ट समजली की भुशाचा बाकीचा व्यवहार सोपा आहे. भुशाचे कर्ज शेतात फेडायचे नाही, ढिगात फेडायचे. शंभर किलो भुशाची तूट तीन किलो युरियाने भरते. युरिया नको असेल तर दीड-दोनशे लिटर गोमूत्र, किंवा भरपूर ताजे शेण. म्हणूनच भुसा हा ढिगातला मुख्य माल करू नये. उसाचे पाचट, हिरवा पाला, गोठ्यातली चगळ यांच्यात दहाव्या हिश्शाएवढा मिसळावा. दोन दिवस आधी भिजवून घ्यावा, कारण कोरडा भुसा पाणी सहजासहजी घेत नाही, वरून ओला दिसतो आणि आत कोरडा राहतो. जुन्या खताची दोन घमेली घालावीत, विरजणासारखी. भुसा दबून बसतो, हवा कोंडते, म्हणून अधूनमधून उलटावा, मुठीत दाबला तर ओल लागावी पण पाणी गळू नये. तीन महिन्यांचा हिशेब पऱ्हाटीचा. भुशातल्या लिग्निनला अधिक वेळ लागतो, सहा महिने ते वर्षही. बुरशीला घाई चालत नाही.

शेण थोडे असेल त्यांच्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी वाट काढून दिली. गांधीविचाराचा हा कार्यकर्ता ‘नाडेप काका’ म्हणून ओळखला जातो. विटांचे जाळीदार टाके, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. त्यात काडीकचरा, माती आणि जेमतेम शंभर किलो शेण. भिंतीतल्या भोकांतून हवा खेळते, उलटापालट लागत नाही. ज्यांच्याकडे एकच गाय आहे त्यांचा विचार करून केलेली ही रचना आहे, हे आम्हाला तिच्यातले मोठेपण वाटते.

त्याहून सोपी वाट गोठ्यातून जाते. आज नगर जिल्हा दुधाचा जिल्हा आहे. संकरित गाईंच्या गोठ्यात मूत्र सिमेंटवरून गटारात जाते, आणि नत्राचा मोठा वाटा त्या मूत्रात असतो. गाईखाली भुसा अंथरला तर तिला कोरडे आणि मऊ बसायला मिळते, आणि भुशाला हवे ते नत्र आपसूक मिळते. मात्र ओला अंथर रोज काढला पाहिजे, नाहीतर कासदाहाला आमंत्रण. संगमनेरकडचे कोंबडीपालक गादी पद्धतीत भाताचे तूस किंवा भुसा वापरतात. विष्ठेसकट ती गादी बाहेर निघते तेव्हा तिच्यातले अर्धे काम झालेले असते. उरलेले ढिगात दोन-चार महिन्यांत होते. आणि ज्याला यातले काहीच करायचे नाही त्याने भुसा झाडाभोवती नुसता वर पसरावा, दोन बोटे जाड, खोडापासून वीतभर लांब. मातीत मिसळू नये. वर राहिलेला भुसा मुळांचे नत्र फारसे ओढत नाही, ऊन मात्र अडवतो. आमची सगळी चूक त्या कुदळीत होती.

एक इशारा. आता वखारीत नुसते सागवान-बाभूळ राहिलेले नाही. प्लायवुड आणि दाबलेल्या लाकडाच्या फळ्या कापल्या की त्यांचा भुसाही दिसायला तसाच असतो, पण त्यात डिंकाची रसायने असतात. वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेल्या लाकडाचेही तसेच. तो भुसा गाईखाली नको, कोंबडीखाली नको, खतातही नको. विचारून आणावा. साधे लाकूड कापणाऱ्या सुताराकडचा बरा.

आणि शेवटचा मुद्दा, तो आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. “कचऱ्यातून सोने” अशी एक घोषणा हल्ली ऐकू येते. ती अर्धी खरी आहे. कचऱ्याचे सोने आपोआप होत नाही, कोणीतरी तो हाताळावा लागतो. जुन्या गावात शेणाची पाटी बाईच्या डोक्यावर असे, आणि गावची घाण उचलण्याचे काम जातीवर टाकलेले असे. ज्या हातांनी माती सुपीक ठेवली त्यांना आपण अस्वच्छ म्हटले. पारनेरचे सेनापती बापट क्रांतिकारक म्हणून आपल्याला माहीत आहेत. पण गावी परतल्यावर त्यांनी हातात झाडू घेतला, रस्ते आणि शौचकूप साफ केले. उच्च मानल्या गेलेल्या जातीतला, विलायतेत शिकलेला माणूस हे करतो याचा गावाला धक्का बसला असणार. वस्तू टाकाऊ ठरते तेव्हा बहुधा तिच्यामागे असे कोणीतरी माणूसही टाकाऊ ठरवलेले असते. खताचा इतिहास लिहायचा तर हाही लिहावा लागेल.

कर्जाचा मुद्दा इथेही लागू आहे. भुसा आधी घेतो, मग देतो. मधला काळ कोणीतरी सोसायचा असतो. साठ लिंबांवर म्हातारपण लावलेल्या शिक्षकाला तीन वर्षे थांबा असे सांगता येत नाही. ज्याच्याकडे एकच वावर आहे त्याच्या रानावर कोणी नवा शहाणपणा लादू नये. आधी ढिगात करून पाहावे, एका झाडाला घालून पाहावे, मग बोलावे. आम्ही हे उलट्या क्रमाने शिकलो.

परवा त्याच वखारीवरून जाणे झाले. मालकाचा नातू बसला होता. भुसा आता फुकट मिळत नाही म्हणाला, कोंबडीवाले पोत्याने विकत नेतात. आम्हाला बरे वाटले. एक पोते घेतले, दाबून भरू दिले त्याने. घरामागच्या अंगणात एक लिंबाचे झाड आहे, त्याच्याजवळ खड्डा केला आहे. शेणाची सोय झाली की थर लावायला घेऊ.

एवढे बोलून थांबतो.